सतरंजीवरचं व्याकरण

मला वाटलं होतं हार घालतील... बरं, हार नको, निदान चहा तरी विचारतील! तुम्हाला सांगते, लंडनला मामांकडे शिकून मी भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत परत आले, मुलींना टेलिफोन ऑफिसात नोकऱ्या लागाव्यात म्हणून फुकट इंग्रजी शिकवायला बसले, आणि मिळालं काय? माझ्याविरुद्ध ठराव!

आमच्या चाळीत इंग्रजी म्हणजे नाना. गिरणीच्या हापिसातले जुने कारकून, निम्मी चाळ त्यांच्या छडीखाली शिकलेली. आणि मी पहिल्याच दिवशी मुलींना सांगून बसले की अगं, नानांचे हे शॅल-विलचे जुने नियम खुद्द लंडनात आता कोणी पाळत नाही, लोक बोलतील तसं व्याकरण वाकतं, भाषा बोलणाऱ्यांची असते! शेवंतीने ते घरी जाऊन जसंच्या तसं सांगितलं. गावाहून नुकतीच आलेली ही शेवंती नानांची नात आहे, हे मला आधी कोणी सांगायचं?

आता आमच्याकडे भांडण नळाचं असो की वाळवणाचं, संयुक्त महाराष्ट्राच्या सभा ऐकून ऐकून सगळं रीतसर झालेलं... चौकात सतरंजी, अध्यक्ष, सूचक, अनुमोदक, हात वर. तसं व्याकरणही सतरंजीवर आलं. जुने नियम पाळा, नाहीतर वर्ग बंद! अध्यक्ष कोण, तर तळमजल्यावरच्या कमळाबाई. म्हटलं, मावशी, तुम्हाला इंग्रजी येतं का?

"माका इंग्रजी येणा नाय गो, पण हात मोजूक येतत."

मग मी उठले, आणि अशी बोलले म्हणता! मराठी राज्य कशासाठी मागतोय आपण? भाषा बोलणाऱ्यांची असते म्हणूनच ना? काय त्या टाळ्या... मला वाटलं, जिंकले. तेवढ्यात नाना उठले, सावकाश चष्मा पुसला.

"पोरगी बरोबर बोलते. इंग्रज गेला, आता इथे इंग्रजी बोलणारे आपण. मुंबईचं दिल्लीने ठरवायचं नाही, मग आपल्या इंग्रजीचं लंडनने का?"

संपलं! ठरावाला सगळे हात वर. माझ्या आईचासुद्धा. खरं सांगू? माझाही अर्धा गेला होता.

रात्रभर चरफडले. पण वर्ग बंद करावा, तर शेवंतीची मुलाखत तोंडावर आलेली. सकाळी उठून ठरवलं, वर्ग चालवायचा, नियम नानांचे. त्यांच्या दारात गेले, व्याकरणाचं पुस्तक मागितलं. त्यांनी पुस्तक दिलं, वर छडीही दिली.

काय करणार? भाषा बोलणाऱ्यांची असते... आणि आमच्या चाळीत बोलतात नाना.