भिंगरीच्या दारातल्या काचा

लालासाहेब : …बाकीचं ऱ्हाऊ दे. टायरच्या खुर्च्या कर, साखरंच्या पोत्याचं पडदं लाव, दुकानाचं नाव भिंगरी ठेव न्हाईतर गोट्या ठेव, म्या कवा बोललो? पण दारातलं ह्ये तेवढं काढ.

क्रांती : काय काढू, तात्या?

लालासाहेब : आत येताना डोक्याला लागलं ते. ह्ये खुळखुळणारं.

क्रांती : विंडचाइम म्हणतात त्याला. कॉलेजच्या पोरी वाढदिवसाला देतात एकमेकींना. कासार फुटक्या बांगड्या देतो, मी काचा घासून ओवते.

लालासाहेब : त्या पलीकडच्या निळ्यापांढऱ्या ऱ्हाऊ देत. ही हिरवी. शेजारचा लग्नपत्रिकावाला सांगत व्हता, ही कासाराकडची न्हवं. नवरा मेलेल्या बाईच्या बांगड्या हायत.

क्रांती : खरं सांगतोय तो.

लालासाहेब : आगं! असली काच घरात ठेवत न्हाईत. नदीला सोडत्यात.

क्रांती : नदीत काय कमी घाण आहे?

लालासाहेब : चारला आष्ट्याचं पावणं येत्यात. आमच्या वीरधवलची सोयरीक ठरायची हाय. त्यास्नी गाळं दाखवायचं हायत. पहिल्याच गाळ्याच्या दारात ह्यो अपशकुन बघितला तर हितनंच गाडी फिरवतील.

क्रांती : मग मुलगी वाचली म्हणायची.

लालासाहेब : बघा, वहिनी, जीभ बघा लेकीची! तुमच्याम्होरं बोलतीया. सांगा की जरा.

विजयमाला : मणी ओवतीया, भावजी. दोरा सुटंल.

लालासाहेब : मग माझं ऐक, क्रांते. गाळा माझ्या नावावर हाय. आता काढ, न्हाईतर उद्या कुलूप. मोबाईलवाला कवाधरनं मागं लागलाय.

क्रांती : लावा कुलूप. नानांची पलटणीतली ट्रंक तेवढी जड आहे, बाकी सगळं हातगाड्यावर मावतं. कॉलेजच्या फाटकासमोर मांडीन. आणि सगळ्यात पुढं हीच टांगीन.

लालासाहेब : आमच्या सुभेदार नानाची लेक हातगाडा ढकलणार? सगळं इस्लामपूर बघंल.

क्रांती : बघू दे. नानांची ट्रंक पालथी घालून तिचा गल्ला केला, तेव्हापण हेच म्हणाला होता तुम्ही.

लालासाहेब : बरं, भांडान नगं. केवढ्याला हाय? म्या घेतो इकत, आन नदीला सोडतो. मिटलं.

क्रांती : ही विकायची नाही.

लालासाहेब : का? कोन बाई हाय ती येवढी?

(क्रांती आईकडं बघते.)

लालासाहेब : आईकडं काय बघतीस? मघाशी तर लय चुरूचुरू चाललं व्हतं.

विजयमाला : भावजी, नीट बगा की. सोनेरी ठिपकं हायत त्यावर.

लालासाहेब : हायत. मग?

विजयमाला : औंधास्नं तुमीच आनल्या व्हत्या. यमाईच्या जत्रंतनं. “वहिनी, येष्टीच्या गर्दीतनं आणल्या, एक बी फुटली न्हाई,” म्हणालासा.

(लालासाहेबांचा हात वर जातो. काचा वाजतात. हात खाली येतो.)

लालासाहेब : …ह्या त्याच?

क्रांती : नाना गेले त्या दिवशी काकूनं आईचे हात उंबऱ्यावर आपटले. मी केरातनं वेचल्या. तुम्ही सोप्यात उभे होता.

लालासाहेब : रीत हाय ती, पोरी. म्या न्हाई काढली.

विजयमाला : व्हय. तुमी निस्तं “उरका लवकर” म्हणालासा.

लालासाहेब : …वहिनी, पावण्यास्नी काय सांगू आता?

क्रांती : सांगा, भेटवस्तूंचं दुकान आहे. ही भेट मीच दिलेली, म्हणा.

लालासाहेब : तू गप गं. वहिनी, पाया पडतो तुमच्या. आजच्या दिवस काढा. पावणं गेलं की परत टांगा, म्या शब्द काढणार न्हाई.

विजयमाला : क्रांते.

क्रांती : आई, मी काढणार नाही. तू सांगितलंस तरी नाही.

विजयमाला : ते स्टूल दे हिकडं.

क्रांती : आई!

विजयमाला : धर नीट, हलतंय ते. भाईरच्या खिळ्याला लावती. हितं कुणाचं डोस्कं आपटल्याबिगर वाजतच न्हाई. भाईर वारं हाय.