शेवटच्या पानावरची कविता

कर्वेनगरच्या दवाखान्यात शेजारच्या दोघींच्या हातात आपण तमिळमधून मराठीत आणलेली कादंबरी पाहून आम्रपालीताईंनी कान टवकारले. स्वतःच्या कवितांना प्रकाशक मिळेना, तेव्हा त्यांनी आपली एक कविता शेवटच्या पानावर कादंबरीतल्या म्हातारीच्या तोंडी गुपचूप घातली होती.

“म्हातारीची ती कविता मला तोंडपाठ आहे. आमचे हे गेले, तेव्हा मी तीच पुटपुटत बसले होते.”

“अहो, ती मुळात नाहीच! माझी सून चेन्नईची, सॉफ्टवेअरमधली. तिनं तमिळ पुस्तक मागवून पडताळलं.”

“मग कुणाची ती?”

“कुणाची का असेना, घुसडलेलीच ना? मी प्रकाशकांना खरमरीत पत्र टाकलं.”

“काय म्हणाले?”

“आभार मानले. ही नवी आवृत्ती. बघा, शेवट कसा स्वच्छ केलाय.”