वनरक्षकाची मिशी

दाढीसाठी आलेले मास्तर बाकावर पेपर उघडून बसले होते, पण तीच बातमी तिसऱ्यांदा वाचत होते. खरी बातमी समोर खुर्चीत होती. तिथे वनरक्षक बसले होते आणि मागे त्यांचा मेहुणा उभा होता. वनरक्षकांनी न्हाव्याला विचारलं,

“काल काढलेली माझी मिशी टाकलीत का हो?”

“टाकली की. का?”

“परत हवी होती. वीस वर्षं हरणं माझ्यापासून चार पावलांवर चरायची. आज मला बघून अख्खा कळप पसार.”

“पण दाजी, वासावरून ओळखतात ना ती?”

“त्यानंच तर बिथरली. वास माझा आणि तोंड भलत्याचं.”

“जीपला घाबरतात?” न्हाव्यानं विचारलं.

“छे, जीपच्या सावलीत बसतात. मी उतरलो की पळतात.”

“वाढेल हो महिन्याभरात.”

“परवा गणना आहे. पळती हरणं मोजू कशी?”

“काढायला सांगितलं कुणी?”

“तुझ्या ताईनं. दहा वर्षांनी तरुण दिसाल म्हणाली.”

“मग ती तरी खूश असेल.”

“कुणास ठाऊक. सकाळी पाहुण्यांच्या कपात चहा दिला. वर साखर किती घालू, तेही विचारलं.”