एकोणचाळीस मिलिमीटर

मी : बाबा, तुम्ही आयुष्यात कधी खोटा पाऊस पाडलाय का?

आई : हा काय प्रश्न झाला?

मी : पैज आहे! प्रकल्पासाठी आजीची पावसाची वही शाळेत नेली होती ना? मैत्रिणींना एक पान सापडलं. शून्य, शून्य, शून्य आणि मध्येच एकोणचाळीस मिलिमीटर. तेही बाबांच्या अक्षरात! म्हणाल्या, विचारून दाखव. दाखवलं.

बाबा : वादळबाई, मी शेतासाठी हवामान यंत्र निवडतोय. हे बघ, पाऊस, वारा, सगळं थेट मोबाइलवर. ऑर्डर करू दे.

मी : शेतावर रेंज कुठे असते?

आई : पाण्याच्या टाकीवर. तीही एका पायावर उभं राहिलं तर.

बाबा : येते गं अधूनमधून.

मी : आणि नाही आली की? मी सगळं वाचलंय. तुमच्या त्या यंत्रात साठवणच नाही. नेट गेलं की तेवढा पाऊस पडूनही न पडल्यासारखा. हे दुसरं बघा. शेतातल्या खांबावरून थेट तिथल्या घरातल्या पडद्यावर आकडे येतात, नेट लागतच नाही. वर्षभराचं जपून ठेवतं.

बाबा : आणि तो पडदा वाचायला कोण जाणार? दीड तास बस, पुढे अर्धा तास पायी. शेजारी शेत कसतात, तेवढंच पुष्कळ. तुझी आजी गेल्यापासून दोन वर्षं वही कोरी आहे. म्हणून तर घरबसल्या दिसणारं घेतोय.

मी : विषय बदलू नका. एकोणचाळीस!

(बाबा लॅपटॉप मिटतात.)

बाबा : दोन पेले पाणी.

आई : अहो!

बाबा : दहा वर्षांचा होतो. पेरणी अडली होती. सकाळी आठला पर्जन्यमापक बघायचं काम माझं. रोज येऊन 'शून्य' म्हणायचं आणि आईचा चेहरा उतरताना बघायचा. एक दिवस नाही म्हणवलं. ओतले दोन पेले.

मी : आणि आजीनं पेरलं?

बाबा : पेरतेय कसली! बाहेर धुरळा उडत होता. तेवढी अक्कल नव्हती मला.

मी : मग? धपाटे?

बाबा : छे. म्हणाली, "लिही." मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी आठला बघतो, तर माझ्याआधी चपला घालून दारात उभी. "चल, दोघं मिळून बघू." पाऊस येईपर्यंत रोज आली. शून्य असलं की म्हणायची, "असू दे. दोघांनी बघितलंय."

आई : इतक्या वर्षांत मला नाही सांगितलंत हे.

बाबा : कुणी विचारलंच नाही.

मी : आई, बाबा, ऐका. निर्णय झालाय. पडद्यावालं यंत्र घ्यायचं. दर रविवारी मी शेतावर जाणार आणि आठवड्याचे आकडे वहीत उतरवणार.

आई : एकटी?

मी : बस सहाची आहे, बरोब्बर आठला पोचते मी मापकाशी. बाबा, तुमच्या चपला दाराशी काढून ठेवते.