सिनेमागृहाची नवी दारं

मालीतल्या सेगू शहरातलं जळालेलं जुनं सिनेमागृह वस्तीच्या मंडळानं पुन्हा उभं केलं. पहिल्या खेळाच्या रांगेत माझ्यापुढे दोघी होत्या.

“असितानताई, हात किती गार पडलेत तुझे!”

“नियेले, दारं बाहेरच्या बाजूला उघडतात ना गं?”

“अगं, मंडळात भांडून तूच तशी बसवून घेतलीस की!”

“आगीच्या वेळी जुनी दारं आत उघडायची. लोकांनी रेटलं, उघडलीच नाहीत. माझा लेक सलीफ तिथंच गेला.”

“ठाऊक आहे गं. घरी जाऊ या का?”

“नको. त्याची पोरगी आत तिकिटं फाडतेय.”

“मग?”

“तिला सांग, खेळ सुरू झाला तरी दारं लावू नकोस. उजेड येतो म्हणून कुणी ओरडलं, तर माझ्याकडे पाठव.”