भोंग्यावरची लाल टोपी

हॅलो? हो, कारखान्याचं गेटच… कोण, ताई? अगं, या नंबरवर कशी काय?

…मोबाइल गेटवरच काढून घेतात गं. आत मिथेनॉल आहे, ठिणगीसुद्धा चालत नाही… हो, हो, खाण्याच्या तेलाचं डिझेल करायला तेच लागतं… माझी सुरक्षेची तपासणी होत आली. विचार ना सरळ, परवानगीवर सही केली का म्हणून.

नाही केली.

अगं ऐक ना… ताई… आधी डोळे पूस. उद्या मालक येणार, कारखाना सुरू होणार, भाऊजी पहिल्यांदाच मॅनेजर झालेत. ठाऊक आहे सगळं… हो, मी सख्खी मेहुणी. ऑफिसात सांगूनच आले. साहेब म्हणाले, मग तर दुप्पट डोळे उघडे ठेव!

बरं, एक सांग. तू विणलेली ती लाल टोपी कुठंय? …बसमध्ये हरवली म्हणाले? सापडली गं! पंपाच्या खोलीत, भोंग्याच्या डोक्यावर. छान खाली ओढून, नाडीची गाठ मारून! …हसलीस ना? मीही हसले. मग विचारलं, ही इथं कशाला?

अगं, हवेत मिथेनॉलची वाफ पसरली की ओरडतो तो. रोज दुपारी चारला ओरडायचा. भाऊजींना वाटलं, उन्हानं बिघडला. टोपी घातली, आवाज दबला… चारलाच का? तेच तर! चाचणी म्हणून रोज चारला पंप लावून मिथेनॉल टाकीत चढवतात. उन्हाचा काय संबंध?

…छोटीशी गोष्ट? मिथेनॉलचा जाळ भर उन्हात दिसत नाही, ताई. ना पिवळा, ना तांबडा, ना धूर अंगणभर. हात पोळल्यावर कळतं, पाहुणा शिरलाय घरभर… घाबरवत नाहीये गं. तुझं पिल्लू रडलं की तू दूध बघतेस, की तोंडावर पांघरूण टाकतेस?

…हं. तेच म्हणते मी.

काढली ना टोपी, दुपारीच. तेव्हापासून भोंगा गप्प. भाऊजी तर मिशीत हसतायत, म्हणतात बिघडलेलाच आहे. म्हटलं, चार वाजू द्या. दारं उघडी, माणसं बाहेर, अर्धंच मिनिट पंप. फिटर बाहेरच्या बटणावर हात ठेवून उभा आहे… वाजले बघ चार. थांब. बोलू नकोस…

ऐकलंस? ऐकलंस ना! …हो, तोच! किती दिवसांचं मनात साठवलंय बिचाऱ्यानं!

झाला, पंप बंद झाला. फिटर खिडकीतून दाखवतोय… पंपाचं सील गळतंय म्हणे… नाही गं, कुणाला काही नाही झालं. भाऊजी इथंच आलेत. घामानं निथळतायत. मिशीतलं हसू गेलं… काय म्हणताय, भाऊजी? …ताई, म्हणतात, मालकांना मीच सांगतो, सील बदलेपर्यंत दोन दिवस थांबा म्हणून.

…नोकरीचं काय होईल ते मालक जाणोत. पण माणूस संध्याकाळी धडधाकट घरी येतोय… रडू नकोस गं आता. हसतेस की रडतेस? दोन्ही? बरं, चालेल.

टोपी? ती नको आता, मिथेनॉल प्यायलीय. नवी वीण. हो, लालच. फक्त या खेपेला कान उघडे राहतील अशी वीण… भोंग्याचे नाही गं, तुझ्या नवऱ्याचे!

चल, ठेवते. याच फोनवरून मालकांना लावायचाय, आणि भाऊजींचा हात रिसीव्हरपर्यंत आलाय. परत मागे जायच्या आत देते त्यांना…