कापलेलं पद

आजच्या पोरांना संगीत नाटक नको असतं, असं मीही म्हणायचो. परवा सोलापुरात आमच्या मंडळानं एक जुनं संगीत नाटक पुन्हा उभं केलं, तेव्हा दिग्दर्शक म्हणून मीच दुसऱ्या अंकातलं एक पद कापलं.

नायिका पद सोडून पुढचं वाक्य बोलली, तोच पहिल्या रांगेतून दामूअण्णा उठले. गिरणीतून रिटायर झालेला माणूस, अख्खं नाटक तोंडपाठ.

"थांबा की! हितलं पद कुटं गेलं?"

मी विंगेतून हात जोडले. "अण्णा, मागं कॉलेजची पोरं बसलीत, कंटाळतील."

मागून एक मुलगी ओरडली, "आम्हाला विचारलं होतं का?"

नायिकेला पद येतच नव्हतं. मग अण्णांनीच जागेवरून सुरू केलं आणि पेटीवाला त्यांच्या मागं धावला. आवाज दोनदा फाटला. शेजारचे म्हातारे तोंड वाकडं करून म्हणाले, "सूर लागला न्हाय." मागची पोरं मात्र उभी राहिली, "वन्स मोअर!"

अण्णा धापा टाकत बसले, नायिकेकडं बोट केलं. "दम न्हाय आता. रविवारच्या खेळाला या, तंवर ह्या पोरीला शिकवतो."

मग माझ्याकडं वळले, "आन तू, कात्री घरी ठिवून ये."